पहिली ओ

माझी मुलगी एका हाकेत कधी आली नाही. कौतुक म्हणून सांगत नाही, चांगली तक्रार म्हणून सांगतोय. जेवायला हाक मारा, अंघोळीला मारा, शाळेची वेळ झाली म्हणून मारा, पहिल्या हाकेला घर ढिम्म. दुसऱ्या हाकेला मागच्या खोलीत काहीतरी खाली पडायचं. तिसऱ्या हाकेला "ओऽ" यायची, पण नुसती ओ, माणूस नाही. शेवटी हातातलं काम टाकून आमच्यापैकी एकाने पॅसेज ओलांडून त्या खोलीत जायचं, तर बाईसाहेब खिडकीखालच्या पलंगावर पालथ्या पडून, पाय वर हलवत, चित्रं काढण्यात गुंग. वर "येतच होते ना मी!" हे ऐकून घ्यायचं. बायको म्हणायची, "तुझ्यावर गेलीये." मी म्हणायचो, "माझ्यावर गेली असती तर निदान दुसऱ्या हाकेला उठली असती." एकुलती एक पोर, आणि तिला हाका मारून मारून आम्हा दोघांचे घसे बसायचे.

तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. घरातलं हाकेचं नाव तर नाहीच. का, ते पुढे कळेल. ते नाव नुसतं, सुटं, कुठेही टाकायची मला आता भीती वाटते.

मी पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत कॉम्प्युटर सांभाळतो. खाली पंपांचा हॉल, वर आमची प्रयोगशाळा. फरशीतून एक घरघर दिवसभर पायांना जाणवत राहते आणि क्लोरीनचा वास तर पाचवीला पुजलेला. घरी शिरलो की बायको नाकाला पदर लावते. "आधी शर्ट बदल, मग बोल." ती स्वतः औषधांच्या दुकानात काम करते, तिच्याही कपड्यांना वास येतोच, पण त्याबद्दल बोलायचं नाही.

माझ्या खोलीत एक जुनं, धट्टंकट्टं मशीन आहे. त्यावर विंडोज नाही, लिनक्स चालतं. रंगीत चित्रं, बटणं असले लाड त्याला ठाऊक नाहीत. काळा पडदा, त्यावर लुकलुकणारा कर्सर, आणि त्यापुढे आपण एक शब्द टाइप करायचा. तो शब्द म्हणजे प्रोग्रामचं नाव. एंटर दाबलं की तो प्रोग्राम कामाला लागतो.

खरं तर प्रत्येक प्रोग्रामला पूर्ण पत्ता असतो. अमुक फोल्डर, त्याच्या आत तमुक, त्याच्या आत तो. पण दर वेळी एवढी लांबण कोण लावणार? आम्ही संगणकवाले हाडाचे आळशी. म्हणून मशीनला फोल्डरांची एक रांग सांगून ठेवलेली असते, तिला पाथ म्हणतात. मी नुसतं नाव टाकलं की मशीन रांगेतल्या पहिल्या दारात जाऊन विचारतं, या नावाचं कोणी आहे का? नसेल तर पुढचं दार. तिथेही नसेल तर त्याच्या पुढचं. ज्या दारातून पहिली ओ येईल त्यालाच कामाला लावायचं आणि शोध तिथेच थांबवायचा. पुढच्या एखाद्या दाराआड त्याच नावाचं आणखी कोणी बसलेलं असलं, तरी त्याला कोणी विचारत नाही. जन्मभर बसून राहिलं तरी त्याच्यापर्यंत हाक पोचत नाही. आणि शेवटच्या दारापर्यंत कोणीच ओ दिली नाही, तर मशीन सरळ सांगतं: असं कोणी सापडलं नाही.

मी रोज जो प्रोग्राम चालवतो त्याचं नाव 'पातळी'. मीच लिहिलेला. शहरातल्या टाक्यांमध्ये पाणी किती, क्लोरीन किती, गढूळपणा किती, हे तो आणून देतो, आणि त्यावरून आमच्या केमिस्टबाई ठरवतात की आज औषध किती सोडायचं. बाई वयाने माझ्याहून मोठ्या, काटेकोर, आणि तोंडाने फटकळ. 'पातळी' टाक्यांच्या यंत्रांना एकेक करून विचारत बसतो, म्हणून त्याला वेळ लागतो. एंटर दाबून मी चहा प्यायला बसतो, कप खाली ठेवतो तेव्हा आकडे आलेले असतात. "तुमचा प्रोग्राम तुमच्यासारखाच," बाई म्हणायच्या.

त्या दिवशी सकाळी मला पाथमध्ये एक नवं फोल्डर घालायचं होतं. मिनिटभराचं काम. पण बाई दारात उभ्या. "अहो, झालं का? शहराला पाणी सोडायचंय आज, की उद्या?" त्या घाईत रांगेच्या अगदी तोंडाशी एक जागा रिकामी राहिली. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. आमच्या धंद्यात ही चूक फार जुनी आहे, आणि तिच्यामागचा नियमही जुना. मशीन रिकाम्या जागेला रिकामी समजत नाही. ते तिचा अर्थ लावतं: इथेच. म्हणजे माणूस आत्ता ज्या फोल्डरमध्ये उभा आहे, तिथे आधी बघ, मग पुढे जा. तिथे त्या नावाचं काही नसेल तर बिघडत काहीच नाही. म्हणून ती चूक माझ्या लक्षातही आली नाही.

दुसऱ्या दिवशी मी 'पातळी' टाइप केलं, एंटर दाबलं आणि कप उचलायला हात पुढे केला. आकडे समोर होते.

आधी वाटलं, कालचेच आकडे दिसतायत. तपासले. नाही, आजचे होते. सगळ्या टाक्या, सगळे रकाने, जिथल्या तिथे. मी पुन्हा चालवून बघितलं. एंटरवरून बोट उचलायच्या आत पडदा भरला. नवीन वायर टाकली असेल कोणीतरी, मी मनात म्हटलं, आणि चहा गरम प्यायला मिळाला म्हणून खूश झालो. पुढचे काही दिवस तसेच गेले. बाईंना आकडे लवकर मिळू लागले, त्यांची कटकट थांबली, आणि चालू गाडीला खीळ कोण घालतंय?

मग एका सकाळी बाई माझ्या खोलीत आल्या. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती. टाकीतलं पाणी त्या रोज स्वतः भरून आणतात आणि शेजारच्या मीटरमध्ये घालतात. ते मीटर माझ्या मशीनला जोडलेलं आहे, त्याचाही आकडा 'पातळी'च घेऊन येतो.

"हा कसला आकडा?" त्यांनी पडद्यावर शेवटच्या ओळीकडे बोट दाखवलं.

"तुमच्या बाटलीचा."

"अहो, पण बाटली अजून माझ्या हातात आहे."

मी बाटलीकडे बघितलं. झाकण लावलेलं होतं. बाहेरून थेंब ओघळत होते.

"कालचा राहिला असेल," मी म्हणालो.

बाईंनी झाकण काढलं. शेजारी जाऊन त्यांनी पाणी मीटरमध्ये ओतलं. मीटरवरचे आकडे थरथरले, खालीवर झाले आणि थांबले. पडद्यावर होता तोच आकडा, अगदी शेवटच्या दशांशापर्यंत.

"बरोबर आहे की," मी हसायचा प्रयत्न केला.

"बरोबर आहे, तेच मला आवडलं नाही," बाई म्हणाल्या, आणि हात पदराला पुसत निघून गेल्या.

त्यानंतर मी दार लावून घेतलं आणि बसलो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. मशीन वेडंवाकडं वागलं की कुठेतरी माणसाचीच चूक असते, एवढं वीसेक वर्षांत शिकलोय. मशीनला विचारायची सोय असते: 'पातळी' म्हटल्यावर तू नक्की कोणाला बोलावतंस, त्याचा पत्ता सांग. मी विचारलं. उत्तरात माझ्या फोल्डरचा पत्ता यायला हवा होता. आलं फक्त एक टिंब, आणि पुढे नाव. टिंब म्हणजे इथे. तू उभा आहेस तिथे.

मी उभा होतो त्या फोल्डरमध्ये काय काय आहे ते बघितलं. जुनी पत्रकं होती, दुसरं काही नाही. लपवलेल्या फायलीही बघितल्या. 'पातळी' नावाचं तिथे काहीच नव्हतं.

मी दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलो. विचारलं. टिंब. तिथेही काही नाही. तिसऱ्यात गेलो, तेच. मग मी एक नवं कोरं फोल्डर बनवलं, त्यात पाऊल ठेवलं आणि विचारलं. पुन्हा टिंब. ते फोल्डर जन्माला येऊन श्वासभरही वेळ झाला नव्हता आणि ते जे काही होतं ते माझ्या आधी तिथे येऊन बसलं होतं. खालचे पंप घरघरत होते, तेवढाच काय तो आधार वाटला.

शेवटी मी 'पातळी'चा पूर्ण पत्ता टाइप केला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही पायरी न गाळता. मग माझा खरा प्रोग्राम उठला. रखडत, एकेका टाकीला विचारत, चहा निवेपर्यंत वेळ घेत. मला त्याचं इतकं प्रेम कधी आलं नव्हतं. म्हणजे पूर्ण पत्ता दिला की तो दुसरा मधे येत नव्हता. नुसती हाक मारली की येत होता.

रांगेच्या तोंडाची रिकामी जागा मला तेव्हा दिसली. काढून टाकणार इतक्यात वरच्या साहेबांनी मीटिंगला बोलावलं, आणि एकदा ते बोलायला लागले की दिवस त्यांचा. घरी जाऊन लॅपटॉपवरून करू म्हटलं. ऑफिसचं मशीन मी घरूनही उघडू शकतो.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. काळा पडदा आला, कर्सर लुकलुकायला लागला, आणि दाराची बेल वाजली. कुरिअरवाला होता. सही केली, पेन त्याचं की माझं यावर थोडी चर्चा झाली. परत आलो तर मुलगी माझ्या खुर्चीवर. पिवळा फ्रॉक, पाय लोंबकळत, जीभ दातांत धरून एका बोटाने टाइप करत.

हा तिचा जुना खेळ होता. आपलं नाव टाइप करायचं आणि एंटर दाबायचं. मशीन सांगणार, असं कोणी सापडलं नाही. मग ही पडद्याला बजावणार, "आहे की! ही काय मी!" आणि खदखदून हसणार.

"बाबा, आज तो काहीच बोलला नाही," ती म्हणाली.

मी पडद्याकडे बघितलं. तिचं नाव होतं. हाकेचं, दोन अक्षरी. त्याखाली तक्रारीची ओळ नव्हती. नुसता कर्सर, पुढच्या कामाला तयार.

लिनक्स वापरणाऱ्या कोणालाही विचारा. हे मशीन यशाचा गाजावाजा करत नाही. चुकलं तरच बोलतं. गप्प राहिलं, याचा अर्थ एकच: ज्याला बोलावलं तो आला आणि कामाला लागला.

"कितीदा सांगितलं, माझ्या कामात हात घालू नकोस म्हणून!" मी ओरडलो. इतक्या जोरात मी तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो. तिने खालचा ओठ बाहेर काढला, खुर्चीवरून उतरली आणि पाय आपटत पॅसेजमधून मागच्या खोलीत गेली. दार लोटल्याचा आवाज आला.

मी तिचं नाव पुन्हा टाइप केलं नाही. हातच धजावला नाही. सगळ्यात आधी ती रिकामी जागा काढली. मग 'पातळी' चालवलं, तो रखडत आला. कुठलाही वेडावाकडा शब्द टाकला तर मशीन मुकाट्याने सांगायला लागलं, असं कोणी सापडलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. लॅपटॉप मिटला.

"जेवायला ये गं!" बायकोने ओट्यापाशी उभी राहून, पाठमोरीच, पोरीला हाक मारली.

"ओ."

ओ लगेच आली. आणि मागच्या खोलीतून आली नाही. बायकोच्या शेजारून आली. पोर तिथे उभी होती, हात धुतलेले, केस विंचरलेले. फ्रॉक निळा होता.

"अगंबाई! केवढ्याने दचकवलंस," बायको म्हणाली, आणि मग हसत माझ्याकडे वळली. "ओरडलास का तिला? एका हाकेत आली बघ. रोज ओरडत जा."

मीही हसलो. खरं सांगतो, बरं वाटलं. रागावल्यावर पोरं चार दिवस शहाण्यासारखी वागतात, सगळ्यांच्याच घरी असं होतं.

ती शहाण्यासारखीच वागली. अंघोळीला हाक मारली की ओ, आणि बाथरूमच्या दारात हजर. शाळेला म्हटलं की दप्तर पाठीवर. वर्गशिक्षिकेने शाळेतून कळवलं की हल्ली हजेरीत हिचं नाव घ्यायच्या आधीच हिचा हात वर असतो, वर्गाने आदर्श घ्यावा. बायकोने ते दुकानातल्या सगळ्यांना सांगितलं. "माझी मेली एवढी गुणाची कधी झाली?" असं म्हणताना तिचा चेहरा फुललेला असायचा. मी काय बोलणार? पोर हाकेला ओ देते, म्हणून तक्रार करू?

पण माझं लक्ष जायला लागलं. मी बाल्कनीत उभा राहून हाक मारली की ओ बाल्कनीत यायची. हॉलमध्ये मारली की हॉलमध्ये. मी जिथे असेन तिथे ती आधीपासून असायची, मी बघितलेलं नसायचं एवढंच. तिला मी येताना कधी पाहिलं नाही. पावलं वाजायची नाहीत. आणि आली की समोर उभी राहून माझ्या तोंडाकडे बघायची, पुढचं काय ते सांगेपर्यंत. आपणहून काही मागायची नाही, हट्ट नाही, "बाबा, बघा ना" नाही. झोपायची आमच्या खोलीत, आमच्या दोघांच्या मधे, नेहमीसारखी, पण पूर्वीसारख्या लाथा मारायची नाही.

"चित्र का काढत नाहीस गं हल्ली?" मी एकदा विचारलं.

"काढू?"

"काढ की. घर काढ."

तिने घर काढलं. भिंती, छप्पर, दार. पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत बसली. एरवी आमच्या कन्येच्या घरावर चिमणी असायची, धूर असायचा, छपरावर एक जाडी मांजर असायची. मी ते चित्र बायकोला नेऊन दाखवलं.

"अरे, मोठी होतेय ती," बायको म्हणाली. "तुला काही केल्या बरं वाटत नाही. नाही ऐकलं तरी डोक्याला ताप, ऐकलं तरी ताप."

ऑफिसात सगळं सुरळीत होतं. 'पातळी' रखडत येत होता, बाई खेकसत होत्या. एके दिवशी दुपारच्या आधी मी मशीनवर काहीतरी आवरत होतो. एक जुना प्रोग्राम केव्हाचा चालूच होता. ज्या फोल्डरमधून तो उठला होता ते फोल्डर मी कधीच काढून टाकलं होतं, तरी तो आपला चालूच. नवीन काही नाही, असं होतंच. पाथ दुरुस्त केला की पुढच्या हाका बरोबर जातात. पण जो आधीच उठलाय, तो उठलेलाच राहतो. त्याला त्या रांगेशी आता काही देणंघेणं नसतं.

मी खुर्चीतून उठलो. ज्याने पहिली ओ दिली, शोध तिथेच थांबतो. पुढच्या दारात कोणी विचारत नाही.

मागच्या खोलीत शेवटचं कोण गेलं होतं?

मी नव्हतो गेलो. बायकोही नसणार. जायची गरजच पडली नव्हती. पूर्वी तिला उठवून आणायला दिवसातून दहादा जावं लागायचं. आता ती हाकेसरशी समोर असायची, मग पॅसेजच्या टोकाला कोण कशाला जातंय?

"काय झालं हो? पांढरेफटक पडलात," बाई दारातून म्हणाल्या. मी त्यांना उत्तर दिलं की नाही, आठवत नाही. बॅग तिथेच राहिली.

शाळेला सुट्टी होती, बायकोचं दुकानही बंद. घरात शिरलो तेव्हा त्या दोघी टेबलापाशी जेवत होत्या. उन्हाचा एक चौकोन टेबलावर पडला होता. निळ्या फ्रॉकातली मुलगी मान खाली घालून नीट, न सांडता जेवत होती.

"आज लवकर?" बायको म्हणाली. "बस, ताट घेते."

मी थांबलो नाही. पॅसेजमध्ये गेलो. टोकाचं दार लोटलेलं होतं. दाराबाहेर फरशीवर धूळ होती आणि तिच्यावर कोणाचंच पाऊल नव्हतं. आत जायला पाय उचलेना. मग मी हाक मारली. नुसती नाही. पूर्ण.

"आपल्या घरातली," मी म्हणालो. "पॅसेजच्या टोकाच्या खोलीतली. खिडकीखालच्या पलंगावरची." आणि मग तिचं नाव घेतलं.

मागे टेबलावर ताटातला आवाज थांबला.

"अरे, कोणाला हाका मारतोयस?" बायकोचा आवाज आला. "ही काय, जेवतीये इथे."

दाराआडून बराच वेळ काही नाही. मग ओ आली. बारीक, फाटलेल्या आवाजातली.

मी दार ढकललं.

खोलीत कोंदट वास होता. खडू फरशीवर विखुरलेले. ती पलंगावर पालथी होती, पिवळ्या फ्रॉकात, पाय वर. पाय हलत नव्हते. तसेच वर राहिले होते.

"बाबा," ती म्हणाली. ओठांना भेगा पडल्या होत्या.

मी तिला उचललं. हाताला काही वजनच लागेना.

"आई हाक मारते ना, ती मला ऐकू येते," ती माझ्या खांद्यात म्हणाली. "मी उठतच असते. पण कोणीतरी आधीच ओ देतं. मग मला उठताच येत नाही."

"आता आलो ना मी. आलो ना राजा."

"मी खरंच येतच होते."

मी रडत होतो. मला लाज नाही वाटली. तिला खाली उतरवलं, कारण ती म्हणाली, मी चालते. तिने माझं बोट धरलं. पॅसेजभर आम्ही हळूहळू आलो. तिचे पाय लटपटत होते, पण पावलं वाजत होती. ती पावलं ऐकून माझ्या जिवात जीव आला. बायको बघेल. आईच ती, बघितल्याबरोबर ओळखेल, आणि मग त्या दुसरीचं काय करायचं ते आम्ही दोघं मिळून ठरवू.

आम्ही टेबलापाशी जाऊन उभे राहिलो.

बायकोने मान वर केली. आधी माझे डोळे बघितले, मग माझ्या शेजारी बघितलं. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. दारात पाहुणं आलं की येतं, तसं.

"अगंबाई, ही कोण रे? समोरच्या इमारतीतली का?"

मी तोंड उघडलं.

"आई," पोर म्हणाली.

"आई हवीये होय तुला?" बायकोचा आवाज एकदम मऊ झाला. ती थोडी वाकली. "रडू नकोस हं. नाव काय गं बाळा तुझं?"

माझं बोट घट्ट आवळलं गेलं. मी नको म्हणायच्या आत तिने सांगितलं. पूर्ण पत्ता नाही. नुसतं नाव, हाकेचं.

"ओ," टेबलावरून आवाज आला.

निळ्या फ्रॉकातलीने मान वर केली होती. घास अर्धा हातात होता. ती बायकोच्या तोंडाकडे बघत होती, पुढचं काय ते सांगेपर्यंत.

माझ्या बोटाभोवतीची पकड सैल झाली.

"अय्या, आमच्या हिचंही हेच नाव," बायको हसून म्हणाली. तिने तिसरी खुर्ची ओढली. "बस हो, दोन घास खाऊन जा. पण घरी सांगून आलीयेस ना? आई हाका मारत असेल तुला."